चांदबिबीचा महाल आणि तळघरातला वजीर

निमोणे हे सपाटीवरचे गाव. घोड नदीचे खोरे, पाण्याखालचा ऊस, बांधाकडेच्या कांदाचाळी आणि पलीकडे मुरमाड माळ. नजर अडावी असा कडा नाही, मान वर करून पाहावी अशी वास्तूही नाही. इकडच्या माणसाला उंचावरचे काही पाहायचे तर घोड ओलांडून नगरच्या बाजूला जावे लागते. गेल्या आश्विनात पावसाने उघडीप दिली तेव्हा आम्ही पाच-सहा जण, काही साहित्य शिकवणारे आणि काही शिकणारे, असेच निघालो. जायचे होते शाह डोंगरावर, चांदबिबीच्या महालाकडे.

आता ही वास्तू महाल नव्हे आणि ती चांदबिबीचीही नव्हे. नावात शब्द दोन, आणि दोन्ही वस्तुस्थितीला सोडून. ती आहे दुसऱ्या सलाबतखानाची कबर. पुरातत्त्व खात्याच्या दफ्तरी तसेच आहे, इतिहासाची पुस्तकेही तेच सांगतात. पण नगर जिल्ह्यात कोणालाही 'सलाबतखानाची कबर कुठे' म्हणून विचारा, तो क्षणभर थांबेल. 'चांदबिबीचा महाल' म्हणा, तो हात करून रस्ता दाखवील. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीला महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी या सहलीवर लिहायचे होते. 'आम्ही चांदबिबीचा महाल पाहिला' हे तिचे पहिले वाक्य तयारच होते. त्या वाक्याखाली तांबडी रेघ मारायची की नाही, यावर गाडी सुटण्यापूर्वीच दोन तट पडले.

निमोणे सोडताना इनामगावची आठवण निघणे साहजिक होते. ते आमच्या शेजारचे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी घोडकाठच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे तीन हजार वर्षांपूर्वीचे जग उजेडात आणले. त्या जगातली एक गोष्ट अभ्यासकाला जितकी परिचित, तितकीच पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अंगावर येणारी आहे. तान्ही मुले गेली की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या भुईखालीच पुरीत. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोके करून निजवीत, बहुधा त्यांची पावले घोट्याच्या वर तोडून. गेलेल्याने उठून चालू नये म्हणून तसे करीत असावेत, असा एक तर्क आहे. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. त्याला लागून धान्याचे कोठार, आणि अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. त्याची पावले मात्र शाबूत होती. तो गावाचा मुख्य असावा, असे उत्खननकारांना वाटले. म्हणजे या खोऱ्यात राहते घर आणि कबर या दोन वेगळ्या जागा मानण्याची सवय तशी अलीकडची आहे.

शिरूर गाव ओलांडताना आणखी एक थडगे आठवले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे कंपनी सरकारची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला आणि इथेच पुरला गेला. पुढे पंचक्रोशीतले लोक त्याला 'सत्पुरुष' मानू लागले. सुगीच्या दिवसांत पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर येई, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. परक्या फौजेच्या अधिकाऱ्याचा क्षेत्रपाळ करून टाकणाऱ्या या मुलखाने एका कबरीला महाल म्हटले, यात आश्चर्य करण्यासारखे फारसे उरत नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे, तिच्याकडे पुढे येऊ.

सुप्याच्या आसपासच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत होत्या. जुने अहमदनगर आणि २०२४ पासूनचे अहिल्यानगर शहर ओलांडून आम्ही पाथर्डीच्या रस्त्याला लागलो. शाह डोंगर शहरापासून दहा-बारा किलोमीटरांवर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची तीन हजार फुटांहून थोडी अधिक, पण भोवतालचा मुलूखच उंच असल्याने चढ दमछाक करणारा नाही. डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत जातो. आम्ही गाडी खालीच ठेवली आणि पायवाट धरली.

वाट म्हणजे शेळ्यांनी पाडलेली एक पांढुरकी रेघ. दोन्ही बाजूंना कमरेएवढे गवत पिवळे पडू लागलेले, मध्येच तरवडाची फुले, घाणेरी, एखादी बाभूळ. कुसळे विजारीला चिकटत होती. दर वळणावर वास्तू दिसे आणि दर वेळी निराळी दिसे: आधी डोंगराच्या डोक्यावरचा दगडी दिवा, मग बुरूज, आणि अगदी जवळ गेल्यावर तीन मजली, अष्टकोनी, कमानींनी भरलेला घुमट. रस्त्याने गाडीतून येणाऱ्याला हा क्रम मिळत नाही. त्याच्यासमोर ती एकदम उभी राहते आणि त्याच्या हातात लगेच कॅमेरा येतो.

तिच्यावर नक्षी जवळजवळ नाही. ना जाळ्या, ना रंगीत फरशा. रुंद अष्टकोनी चौथरा, त्यावर एकावर एक कमानी आणि भिंतीच्या जाडीतून वर जाणारा अरुंद, अंधारा जिना. जिन्यात खांदा दगडाला घासतो. वरच्या सज्जात आले की वारा कानात भरतो आणि बोललेले ऐकू येत नाही. तिथे उभे राहिल्यावर 'महाल' हा शब्द कोठून आला असेल ते आपोआप कळते. माणूस कबरीवर असा उभा राहत नाही, गच्चीवर राहतो. पश्चिमेला धुरकट शहर पसरले होते. त्यातला भुईकोट किल्ला शोधण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला, पण झाडीत आणि घरांत तो वेगळा निघेना. पूर्वेला शेतांचे हिरवे-करडे तुकडे आणि त्यांच्यामध्ये चमकणारे पाणी. इंग्रजी अमदानीत छावणीतल्या गोऱ्या सैनिकांच्या हवापालटासाठीही या वास्तूचा उपयोग होत असे. म्हणजे निदान काही काळ ती खरोखरच राहती झाली होती. चुकीचे नावही कधी कधी असे खरे ठरते.

मग आम्ही तळघरात उतरलो. वरचा सगळा वारा आणि उजेड तिथे अचानक संपतो. थंडावा, वटवाघळांचा वास आणि समोर कबरी. एक सलाबतखानाची, शेजारची त्याच्या पत्नीची असे सांगतात. बाहेर चौथऱ्यावर आणखी कबरी आहेत, त्या त्याच्याच कुटुंबातल्या मानल्या जातात.

हा सलाबतखान कोण, याचे उत्तर देणारा उत्तम साक्षीदार म्हणजे फिरिश्ता. तो नुसता बखरकार नव्हता. तरुणपणी तो याच नगरच्या दरबारी चाकरीला होता. त्या वेळी गादीवर पहिला मूर्तझा निजामशाह (१५६५ ते १५८८). लोक त्याला 'दिवाना' म्हणत. तो राज्यकारभारातून अंग काढून एकांतात राही. हा एकांतवास ज्या फराहबागेत चालला, तिचे बांधकामही सलाबतखानाच्याच देखरेखीखाली पुरे झाले. राजा बागेत आणि राज्य वजिराच्या हातात, अशी कैक वर्षे गेली. रस्ते निर्धोक झाले, पाणी आले, झाडे लागली. बहमनी काळानंतर हा मराठी मुलूख इतका नीट कधी चालवला गेला नव्हता, अशा आशयाची साक्ष फिरिश्ता देतो. फिरिश्ता भाटगिरी करीत असेल असे म्हणावे, तर तो हे लिहीत होता विजापुरात, नगर सोडून गेल्यावर आणि सलाबतखानाकडून काही मिळण्याची शक्यता संपल्यावर.

त्याने सांगितलेली एक हकीकत आमच्यात फार चर्चिली गेली. राजाची एक मर्जीतली कलावंतीण होती. विजयनगरच्या रामरायाच्या लुटीत आलेल्या दोन रत्नमाळा तिने मागितल्या आणि राजाने देऊन टाकण्याचा हुकूम सोडला. सलाबतखानाने त्या दौलतीच्या माळा राखून ठेवल्या आणि दुसऱ्याच हलक्या तिला दिल्या. बिंग फुटले. राजाने सगळे जवाहीर आपल्यापुढे मांडायला लावले, तरी त्या दोन माळा दिसल्या नाहीत. तेव्हा रागाच्या भरात त्याने समोरची रत्ने आगीत लोटली. या प्रसंगात नायक कोण? आमच्या विद्यार्थ्यांचे लक्ष राजाकडे आणि आगीकडे गेले, ते स्वाभाविकच. आग दिसते. दोन माळा गुपचूप बाजूला ठेवणारा हिशेबी हात दिसत नाही.

पुढे मर्जी फिरली आणि राजाने सलाबतखानाला कैदेत जाण्याचा हुकूम पाठवला. लोक त्याच्या बाजूने होते, प्रतिकार करा असे सांगणारेही होते. त्याने ऐकले नाही. कोणत्या किल्ल्यात जायचे एवढेच विचारले आणि स्वतः होऊन दंडाराजपुरीच्या वाटेला लागला. हा वजीर दूर होताच वर्षादोन वर्षांत घर कोसळले. १५८८ मध्ये राजपुत्र मीरान हुसेनाने बापाला हमामात कोंडून मारले. त्या गर्दीत फिरिश्ताही मरायचा. पण राजपुत्राने त्याला आपला शाळूसोबती म्हणून ओळखले आणि सोडून दिले. शाळेतली ती ओळख नसती तर सलाबतखानाबद्दलचे आपले ज्ञान कितीसे उरले असते? पुढे वजिराची सुटका झाली, तो आणखी एकदा राजकारणात उतरला, हरला आणि वृद्धपणी वारला. स्वतःसाठी एवढी एक जागा त्याने डोंगरावर बांधून ठेवली होती.

आणि चांदबिबी? ती याच घराण्यातली, हुसेन निजामशाहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशाहाला दिलेली. १५८० मध्ये पती गेल्यावर तिने विजापूरचे राज्य अल्पवयीन इब्राहिमाच्या वतीने सांभाळले. १५८४ मध्ये ती माहेरी आली, तेव्हा नगरचा कारभारी हाच सलाबतखान होता. आपल्या नावाने पुढे ओळखल्या जाणाऱ्या महालाचा धनी तिने पाहिला असणार. १५९५ अखेर मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट पडला तेव्हा ती हाती तलवार घेऊन खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतले. त्या वेळी किल्ला वाचला, वऱ्हाड मात्र गेला. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला. आता निभाव लागणार नाही, तह करावा, असे तिचे मत झाले. ती मोगलांना फितूर झाल्याची आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात बंदी असलेल्या नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिताना चांदबिबीचे स्मरण केले. सलाबतखानाचे स्मरण करावे असे कोणा लेखकाला फारसे वाटलेले दिसत नाही.

चौथऱ्यावर भाकरी सोडता सोडता वाद पुन्हा सुरू झाला. एकाने रोलाँ बार्थ काढला. तो निघणारच होता. 'लेखकाचा मृत्यू' या १९६७ च्या निबंधाने वाचकाच्या हाती जी मुखत्यारी दिली, तिचे याहून उघडे उदाहरण कोणते? इथे कर्ता तळघरात खरोखरच पुरलेला आहे आणि वाचकांनी वर दुसरेच शीर्षक लावले आहे. विनोद बरा होता, पण आम्हांला आपल्याकडचा दाखला जास्त जवळचा वाटला. नामदेवांच्या गाथेत विष्णुदासनाम्याचे आणि कितीतरी अनामिकांचे अभंग मिसळले आहेत. ज्ञानदेव एक की दोन, हा वाद भारद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपस्थित केला, तो पुढे पुष्कळ गाजला. पण तिथे एक फरक आहे. 'नामा म्हणे' असे शेवटी लिहिणाऱ्या कवीने आपण होऊन आपले नाव पुसले आणि थोराच्या नावात ते विरघळू दिले. सलाबतखानाने असे काही केलेले नाही. त्याने आपली मुद्रा दगडात रोवली होती, पुसली ती वाचकांनी.

आमच्यातल्या एका प्राध्यापक बाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बायकांचे लिहिलेले पुरुषांच्या नावावर गेल्याची उदाहरणे तुम्ही वर्गात किती निवांतपणे सांगता. इथे एकदाच एका पुरुषाचे बांधलेले बाईच्या नावावर गेले, तर सगळे संशोधक झालात." यावर हशा झाला. त्या मात्र हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्याच पुढे म्हणाल्या, "पण खाली जी बाई निजली आहे, तिचे नाव तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे?"

कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर वादाचा नूर बदलला. चांदबिबीचे नाव लावून आपण एका स्त्रीचा सन्मान केला, असे म्हणताना तिथे खरोखर असलेली स्त्री अधिकच खोल पुरली जाते. आणि आम्हांला वाटते ते असे की, ही अदलाबदल अज्ञानातून झालेली नाही, ती आवडीतून झालेली आहे. वेढा, खिंडार, तलवार, फितुरीचा आळ, आपल्याच माणसांचा वार: या शोकांतिकेला जागा हवी असते आणि त्या शहरात तिच्या नावाने उभी अशी ठळक कबर नाही. डोंगरावरची सर्वांत उंच, सर्वांत दुरून दिसणारी वास्तू तिला मिळाली. राज्य चालवणारा, पाणी आणणारा, दोन माळा जपणारा, सांगितल्यावर निमूटपणे कैदेत जाणारा माणूस गोष्टीला उपयोगी पडत नाही. त्याच्यावर पोवाडा कसा होणार? लोकांना दोष देण्यापूर्वी आम्ही आमच्या अभ्यासक्रमाकडे पाहावे हे बरे. वर्षानुवर्षे आम्हीही वर्गात खिंडारावर उभे राहणारेच शिकवत आलो आहोत. रोज तट लिंपणाऱ्याला आपल्या कादंबरीत फार तर एखादे दुय्यम पात्र मिळते.

नवल म्हणालो होतो ते हे, की लोकांची आवड आणि आम्हां वाचलेल्यांची आवड इतकी एकसारखी निघावी.

उन्हे कलताना एक म्हातारी शेळ्या घेऊन चौथऱ्याशी आली. आमच्या हातातल्या वह्या पाहून तिनेच चौकशी केली.

"मास्तर लोक का तुम्ही?"

"हो आजी. हे कोणाचे, ते पाहायला आलोय."

"पाह्यचं काय त्यात? म्हाल हाय चांदबिबीचा."

"मग खाली कबरी कोणाच्या?"

"तिच्या परधानाची हाय. वर राणी ऱ्हायची, खाली परधान निजलाय. राखण कोन करनार मग?"

इतिहासाच्या दृष्टीने यातले एकही विधान टिकणारे नाही. पण आम्ही दुपारभर ज्या दोघांना एकमेकांसमोर उभे करून भांडत होतो, त्यांची या बाईने एका घरात वरखाली सोय लावून दिली होती. इनामगावच्या पाच खोल्यांच्या घरात जशी लावली होती तशी. विद्यार्थिनीने वहीत काहीतरी लिहून घेतले. तिच्या लेखाचे पहिले वाक्य पुढे छापून आले ते असे: 'चांदबिबीच्या महालात आम्ही सलाबतखानाची कबर पाहिली.' तांबडी रेघ कोणी मारली नाही. खालच्या निनावी बाईबद्दल मात्र तिलाही काही लिहिता आले नाही.

उतरताना आम्ही पूर्वेकडची वाट घेतली. ती अधिक उतरणीची आणि निसरडी आहे, मुरूम पायाखालून घसरतो. खाली गाडी बोलावून घेतली आणि अंधार पडण्यापूर्वी भातोडीला जाऊन आलो. तिथला जुना तलाव सलाबतखानाच्या काळातला म्हणून ओळखला जातो. इंग्रजांनी १८७० नंतरच्या दशकात तो दुरुस्त केला. १६२४ मध्ये मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाही फौजांना इथेच धूळ चारली. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीत पाणी सोडले, असे सांगतात. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. पुस्तकांत भातोडी आहे ती या लढाईमुळे. म्हणजे इथेही पुन्हा तेच: ज्याने बांध घातला तो बाजूला आणि ज्याने फोडला तो धड्यात.

बांधावर एक तरुण पाण्याच्या मोटरीचा पाइप ओढत होता. तलाव कोणी बांधला, असे आम्ही त्याला विचारले.

"सरकारनं," तो म्हणाला. मग हातातला पाइप खाली ठेवून विचार करीत त्याने पुस्ती जोडली, "लई जुन्या सरकारनं पण." आणि कांद्याच्या वाफ्यात पाणी धरायला निघून गेला.